सतरा वळणं, अकरा किलो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, धंदा सायकलच्या फ्रेमा बांधणे, मुक्काम याच दुकानाच्या वरचा मजला, आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या अकलेने हा लेख लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीत आहे. जवळचे थोडे कमी दिसते, लांबचा चढ मात्र स्वच्छ दिसतो. मला कोणी फूस लावलेली नाही. धाक मात्र दाखवण्यात आला आहे, आणि तो कोणी व का दाखवला हे आधी लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी चौकातल्या सिग्नलला मी थांबलो. पेडलच्या पट्ट्यातून बूट सोडवायला विसरलो आणि सायकलसकट डावीकडे उभ्याचा आडवा झालो. मनगट मोडले. माझा एकुलता एक मुलगा इस्पितळात एक्स-रे काढतो, त्यामुळे माझाही त्यानेच काढला. "हलू नका," असे मला सांगताना त्याचाच आवाज हलत होता, हे मी ऐकले आहे. पण प्लॅस्टर निघाल्यावर मी पुन्हा सायकल पुसायला घेतली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मी रोज चार तरी मोडलेले खुबे बघतो. सगळे तुमच्या वयाचे. एक तर मला लेखी द्या की यापुढे सायकलवर बसणार नाही, नाहीतर मी डॉक्टरांकडून लेखी आणतो की तुमचं डोकं ठिकाणावर नाही."

लेखी हवे होते. हे घे लेखी.

आज रविवार. साडेसहाला मी सतरा वळणांचा जुना घाट चढायला निघणार आहे. छप्पन्न वर्षे मी त्या घाटात चढलो, उतरलो, तिथे एकदाही पडलो नाही. पडलो तो सपाटीवर, तोही थांबलेला असताना. तेव्हा बंदी घालायचीच असेल तर माझ्या थांबण्यावर घालावी.

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, गच्ची व जिना हे मुलगा आणि सून यांचे निम्मे निम्मे. यात भांडण्यासारखे काही नाही. गच्चीवरची तार कपडे वाळत घालण्यासाठी नसून चाके टांगण्यासाठी आहे, हे माझ्या पत्नीने कधी मान्य केले नाही. तिच्या पश्चात मीही त्या तारेवर कपडेच वाळत घालतो.

कलम दोन. खालचे दुकान, म्हणजे कामाची खोली, टेबल, दोन्ही शेगड्या, गॅसची नळकांडी, फ्रेम बांधायचा सांगाडा, चाकातला आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड आणि खिळ्यांवर टांगलेली सगळी हत्यारे, ही एकट्या सुनेची. मुलाला तिथे गाडी उभी करायची आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने टेपने मापही घेतलेले आहे. गाडी तिथे उभी राहणार नाही. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या मंगळवारी मी वर दाढी करत असताना मुलगा खाली उतरला आणि माझ्या सायकलची पेडल काढू लागला. पेडलच नसतील तर म्हातारा जाईल कुठे, असा हिशेब. उजवे निघाले. डावे निघेना. आता, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवता चालवता ते आपोआप सुटू नये म्हणून तसे करतात, आणि ते काढायचे तर पाना नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा लागतो. सायकलवाल्याच्या घरात हे पाळण्यातल्या पोराला माहीत असावे. याने पान्याला लोखंडी पाइप अडकवला, सगळे बळ लावले आणि ते पेडल घट्ट, आणखी घट्ट करत नेले. शेवटी क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीत बसते तिच्या, भोकातले आटे सोलून निघाले. आवाज वरपर्यंत आला. मी तोंडाला फेस तसाच ठेवून खाली आलो.

"काय चाललंय?"

"पेडल काढतोय."

"काढत नाहीयेस. लावतोयस."

सून जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "अरे, डावं उलटं असतं. विचारायचं तरी."

"तुला गं कसं माहीत?"

"मी बघते ना. तू नुसता बाबांकडे बघत बसतोस, ते करतात काय ते कधी बघितलंस?"

सून दातांच्या कवळ्या बनवते. तिने तो क्रँक पिशवीत घातला आणि कामावर नेला. गुरुवारी परत आणला तेव्हा त्याचे भोक मोठे करून आत अंगठीएवढी स्टीलची बांगडी बसवलेली होती, आतून उलटे आटे पाडलेली. मी नख फिरवून पाहिले. जोड लागला नाही. "कवळी घातलेल्या माणसाला चावताना कवळी आठवता कामा नये," ती म्हणाली. "तेवढंच इथेही बघितलं."

माझ्या हाताखाली आजवर सात जण शिकायला आले, चौघांना मी शिव्या देऊन घालवले, तिघे शिव्या न देता गेले. मी जे एका वाक्यात सांगू शकलो नाही ते हिने एका बांगडीत करून दाखवले. दुकान तिचे. तिने तिथे फ्रेमा बांधाव्या, कवळ्या कराव्या किंवा दार लावून गप्प बसून राहावे. गाडी सोडून काहीही.

कलम तीन. माझ्या पत्नीची सायकल, फिकट निळी, मी मुलाला देतो. त्याला ती नको असेल हे धरून देतो.

ही फ्रेम मी लग्नाआधी बांधली. पत्नी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि पंक्चर काढायला माझ्याकडे यायची. फ्रेमेसाठी पायाचे आतून माप घ्यावे लागते. शंभर गिऱ्हाइकांची मी घेतली होती, पण तिच्यासमोर हातात टेप घेऊन उभे राहण्याची माझी छाती झाली नाही. मी माप नजरेने घेतले. त्या वयात माझी नजर शाळेच्या पुस्तकातल्या कवितांवर पोसलेली होती, त्यातल्या नायिका सगळ्या उंच. फ्रेम तीन बोटे मोठी झाली. सीट पार खाली, दांड्याला टेकवली तेव्हा कुठे तिचे पाय पोचले. मला ते पहिल्याच दिवशी दिसले. मी म्हटले, "दुसरी बांधतो." ती म्हणाली, "नको. ही मोठी नाही, माझीच अजून थोडी वाढ व्हायची आहे." एकतीस वर्षे ती त्याच सायकलवर एक्स्चेंजमध्ये गेली आणि आली. दुसरी बांधतो असे मी दर दोन वर्षांनी म्हणायचो, आणि ती दर वेळी वाढायची असायची.

मुलगा आईच्या वळणावर गेला म्हणतात, पण उंची कोणाकडून आणली कळत नाही. परवा तो जिन्यावरून उतरताना मी त्याच्याकडे त्याच जुन्या नजरेने बघितले. त्या फ्रेमेचे माप त्याचे आहे. सीट कुठवर वर काढायची ते मी नळीवर खडूने खूण करून ठेवले आहे. या कलमाला कसलीही अट नाही.

कलम चार. माझी स्वतःची सायकल. स्टीलच्या नळ्या, सांधे पितळेने झाळलेले, रंग तिसऱ्यांदा दिलेला, वजन अकरा किलो. या अकरा किलोंवरून बरेच राजकारण झालेले आहे.

आमच्या सायकल मंडळाचा सेक्रेटरी. त्याला सगळे ग्रॅम म्हणतात, कारण तो बोल्टही काट्यावर ठेवून विकत घेतो. त्याची फ्रेम कार्बनची. दोन वर्षांपूर्वी त्याने मला सगळ्यांसमोर ऐकवले, "काका, तुमची सायकल अकरा किलो, माझी सात. चार किलो तुम्ही उगाच घाटात वाहून नेता."

"आणि तू स्वतः किती?"

"ब्याऐंशी."

"मग चार किलो तू घरी ठेवून येत जा."

तेव्हा सगळे हसले. त्यालाही हसावे लागले. पण सहा आठवड्यांपूर्वीच्या सभेत त्याने हसे परत फेडले. मनगट गळ्यात बांधून मी बसलो होतो, आणि त्याने ठराव मांडला: वार्षिक फेरीतून जुना घाट काढून टाकावा, त्याऐवजी नव्या रुंद रस्त्याने जावे, आणि पंचाहत्तरीपुढच्या सभासदांनी मागच्या गाडीत बसावे. पंचाहत्तरीपुढचा सभासद मंडळात एकच आहे. ठरावाच्या बाजूने चौदा, विरोधात मी. वर कोणीतरी असेही सुचवले की काकांची सायकल मंडळाच्या चहाच्या खोलीत भिंतीवर सन्मानाने टांगावी.

सबब लिहून ठेवतो की, माझी सायकल कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही सन्मानाने, कोणीही टांगू नये. सायकल ज्याच्या मापाची असेल त्याला द्यावी: पायाचे आतले माप चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, टेपने घेतलेले, नजरेने नव्हे. माप सून घेईल. ओळखीचा असो वा नसो, बाई असो वा बुवा, मंडळाचा असो वा बाहेरचा. फक्त तो ग्रॅम नसावा. त्याचे माप नव्वद आहे, पण त्याने गुडघे वाकवून चौऱ्याऐंशी दाखवण्याचा प्रयत्न केल्यास सुनेने सावध राहावे.

याच कारणाने मी ग्रॅमला या लेखाचा साक्षीदार केले आहे. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकिलाने मला सांगितले. फार सुंदर नियम आहे.

कलम पाच. रस्त्यांची वही. ही देण्याआधी ती वाचायची कशी ते सांगावे लागेल.

आम्हाला शाळेत कविता शिकवणाऱ्या बाई बाकावर पट्टी आपटून वृत्ते पाठ करून घेत. लघु म्हणजे एक टिचकी, गुरू म्हणजे दोन. बाकीची पोरे खिडकीबाहेर बघत. मी मात्र त्या तासाला जो गेलो तो अजून परत आलेलो नाही. पुढे सायकल हाती आली तेव्हा माझ्या लक्षात आले की पाय आपोआप वृत्तात पडतात. सपाटीला अनुष्टुभ पुरतो. चढाला भुजंगप्रयात: लगागा, लगागा. हे मी तोंडातल्या तोंडात म्हणत असतो म्हणून मंडळातली मंडळी मला लगागाकाका म्हणतात. म्हणू देत. गिअर निवडायची माझी रीतही तीच आहे. एक ओळ एका श्वासात पुरली तर गिअर बरोबर. ओळ मधेच तुटली तर मागच्या चाकावर दोन दात जास्तीचे चक्र घ्यावे. ओळ संपूनही श्वास उरला तर तुम्ही आळस करता आहात.

वहीत एकशे बारा रस्ते आहेत. प्रत्येक रस्त्याच्या पुढे लघु-गुरूच्या खुणा आहेत, कुठे चढ जड आणि कुठे हलका ते कळावे म्हणून. जुन्या घाटाला सतरा वळणे आहेत आणि मंदाक्रांतेच्या ओळीला सतरा अक्षरे असतात. पहिली चार वळणे जड. तिथे दम घ्यायचा. मग पाच हलकी, एक जड, पुन्हा दम. मग उरलेली सात, जड-हलकी मिसळून, वरच्या खिंडीपर्यंत. ओळीत जिथे थांबायचे तिथेच घाटातही थांबावे लागते. रस्ता आखणाऱ्या इंजिनियरने कविता वाचली होती की कविता करणाऱ्याने घाट पाहिला होता, यावर मी छप्पन्न वर्षे विचार करतो आहे. ग्रॅम म्हणतो, "काका, फोनवर चढाचा आलेख येतो." येतो. फोनला चढ कळतो, दम कळत नाही.

वही मंडळाला द्यावी. चौदा जणांना वाचायला द्यावी, म्हणजे त्यांनी कशाच्या विरोधात मत दिले ते त्यांना कळेल.

कलम सहा. बँकेत जी ठेव आहे ती सुनेला, दुकान चालू करण्यासाठी. आकडा पासबुकात आहे. तो पाहून कोणी हुरळणारही नाही आणि रडणारही नाही.

कलम सात. माझ्या स्वतःच्या कविता सहा आहेत. चार वाईट आहेत. कुठल्या ते सांगत नाही. ज्याच्या हाती पडतील त्याने स्वतः ठरवावे, आणि चार टाकून द्याव्या.

कलम आठ. मी आज घाटात किंवा पुढे कधी कुठल्या रस्त्यावर संपलो, तर त्याचा दोष घाटाला देऊ नये. तिथे फलक लावू नये. "सावधान" असे तर मुळीच लिहू नये. मंडळाने त्यावरून आणखी एखादा ठराव करू नये. मुलाने माझा एक्स-रे काढून त्यात कारण शोधू नये. रोज मोडलेली माणसे बघणाऱ्या डोळ्यांना न मोडलेली माणसे दिसत नाहीत, असे मी त्याला रागात बोललो होतो. ते मी मागे घेत नाही. पण त्याची भीती खोटी नव्हती, हे इथे लिहून ठेवतो. ती माझ्या मापाची नव्हती, एवढेच.

आता सकाळचे सहा वाजले आहेत. मीच साक्षीला बोलावलेले डॉक्टर आणि ग्रॅम दुकानात हजर आहेत. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे माझी परीक्षा घेतली.

"आज वार कोणता?"

"रविवार. त्याशिवाय हा ग्रॅम एवढ्या लवकर उठायचा नाही."

"शंभरातून सात वजा करत जा."

मी त्र्याण्णव, शहाऐंशी करत दोनपर्यंत उतरलो आणि ब्रेक लावला. डॉक्टर म्हणाले, "माझं उतरताना पासष्टला चुकतं." ग्रॅमने पिशवीतून एक मोठे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, काढून टेबलावर ठेवले, चौतीस दातांचे. "काका, मागे हे लावा. गुडघ्यांवर ताण येणार नाही. निदान आजच्यापुरतं." माझे मागचे अठ्ठावीस दातांचे आहे. मी ते नाकारले आहे. नोंद असावी. त्याने ते देऊ केले, याचीही नोंद असावी.

कलम नऊ. हे कलम साक्षीदारांसमोर आत्ता वाढवले आहे. मी सहीसाठी पेन टेकवले तेवढ्यात मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन जिन्यावरून खाली आला. आजची तारीख धरून शुक्रवारी रात्रीच लिहून काढलेला आणि काल टेबलावर पडलेला हा कागद त्याने वाचला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते.

"जाणारच का?" त्याने विचारले.

"लिहिलंय की."

"मग मी मागे गाडी घेऊन येणार."

"ठरावातली गाडी मला नको."

"ठरावातली नाही. माझी आहे."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. ग्रॅम जमिनीवर पडलेला एक स्पोक उचलून उगाच सरळ करत बसला.

"किती मागे राहशील?" मी विचारले.

"तुम्ही दिसलात पाहिजे."

"म्हणजे चाकाला चाक लावून. ते जमायचं नाही. तीन वळणं मागे राहा."

"तीन वळणं मागे राहिलो तर तुम्ही पडलात काय आणि गायब झालात काय, मला काय कळणार? एक वळण."

"एका वळणावर इंजिन ऐकू येतं. माझी ओळ तुटते."

त्याने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "दीड."

"दीड वळण काय असतं?"

"दीड वळण मागे थांबलं की कठड्याच्या वरून वरच्या वळणावरचा माणूस दिसतो. आणि वर इंजिन ऐकू येत नाही. काल दुपारी जाऊन बघून आलो. हिला वर उभं केलं, मी खाली इंजिन चालू ठेवून थांबलो. सतराच्या सतरा वळणांवर. अकराव्याला दीड पुरत नाही, तिथे झाड मधे येतं. तिथे मी जरा पुढे येईन."

सून त्याच्यामागे जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "मला काहीही ऐकू आलं नाही, बाबा. मी लक्ष देऊन ऐकत होते."

सबब असे ठरले व लिहिले की, मुलगा गाडी घेऊन माझ्यामागे दीड वळण अंतर ठेवून येईल, अकराव्या वळणावर थोडे कमी. हॉर्न वाजवणार नाही. खिडकीतून हाक मारणार नाही. मी दम घ्यायला थांबलो तर तोही आपल्या जागी थांबेल, पण गाडीतून उतरणार नाही.

"पाणी द्यायला?" हे तो मी लिहीत असताना माझ्या खांद्यावरून वाचत विचारतो आहे.

पाणी माझ्याकडे आहे.

"मग नुसता उतरेन."

नुसते उतरण्यास माझी हरकत नाही.

हा लेख मी लिहिला, मी वाचला, मला पटला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करायचे झाल्यास घाट उतरून आल्यावर करीन.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, डॉक्टर: (सही)
लिहून ठेवणाऱ्यास प्रश्न विचारले. सर्व उत्तरे बरोबर, एक उद्धट. शुद्ध पूर्ण. नाडी माझ्यापेक्षा बरी.

साक्षीदार दुसरा, मंडळाचा सेक्रेटरी: (सही)
मला काही मिळणार नाही, हे वाचून व समजून सही करत आहे. माझे माप एकोणनव्वद आहे, नव्वद नाही.

स्थळ: दुकान, सायकल दाराशी उभी.
दिनांक: ८ फेब्रुवारी, रविवार, सकाळचे सहा वाजून सव्वीस मिनिटे.